मोडीचें सोनें

आपल्या मराठी गृहस्थाश्रमाची भाषा मोठी सावध आहे. हातांतली बांगडी फुटली असें सुवासिनी म्हणत नाहीं. ती ‘वाढवली’ असें म्हणते. मंगळसूत्र तुटत नाहीं, तेंही वाढतें. आणि व्यापारीसुद्धां रात्रीं दुकान बंद करीत नाहीं, वाढवतो. अशुभाचा उच्चार जिभेवर येऊं नये म्हणून इतकी काळजी घेणाऱ्या या भाषेनें सोन्याच्या बाबतींत मात्र कसलाच आडपडदा ठेविलेला नाहीं. डाग विकावयास काढला कीं तो सरळ ‘मोडला’. सराफाच्या पेढीवर जुन्या सोन्याला ‘मोड’ हेंच नांव आहे. लग्न मोडतें, संसार मोडतो, आणि दागिना मोडतो, क्रियापद एकच. ज्या घरांवर असा प्रसंग येऊन गेला आहे, तेथील माणसांस या शब्दाची धार निराळी सांगावयास नको.

सोन्यारुप्याच्या आयात-निर्यातीचा इतिहास अर्थशास्त्र्यांनीं पुष्कळ लिहिला आहे. परंतु डाग मुशींत पडतो तेव्हां घरांतल्या माणसाच्या मनांत काय होतें, याची नोंद त्या ग्रंथांतून सहसा सांपडत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्या दुसऱ्या बाजूनें हा इतिहास थोडासा पाहावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पणजीचा दागिना म्हणजे पिढ्यान् पिढ्या जसाच्या तसा राहणारी वस्तु, असें आज आपण समजतों. आपल्या पूर्वजांची समजूत तशी नव्हती. सोनें आटविणें ही त्यांच्या घरांतली नित्याची गोष्ट होती. लेकीच्या लग्नांत आईचे गोठ आटवून पाटल्या व्हावयाच्या. पाटल्या झिजल्या म्हणजे त्यांत दोन पुतळ्यांची भर घालून तोडे व्हावयाचे. आणि वज्रटीक जुनी वाटूं लागली कीं तिची ठुशी किंवा मोहनमाळ होऊन सून ती गळ्यांत घालावयाची. पुष्कळ ठिकाणीं सोनार घरींच येई. ओसरीवर त्याची शेगडी पेटे, फुंकणीनें निखारा फुले, आणि घरची कर्ती बाई हातांतलें काम टाकून समोर बसून राही. सोनारावर तिचा विश्वास होता, पण तो तिच्या डोळ्यांदेखतचा विश्वास होता! मुशींत सोनें वितळून पाण्यासारखें हालूं लागलें म्हणजे जुना घाट नाहींसा होई. परंतु तेंच सोनें चार दिवसांनीं दुसरा घाट घेऊन त्याच घरांत परत येई. “या पाटल्यांत माझ्या सासूबाईंचे गोठ आहेत” असें नव्या सुनेस सांगितलें जाई, आणि तेवढ्या एका वाक्यानें दोन पिढ्यांची सांखळी जोडली जाई. आकृति बदलली तरी आठवण मोडत नसे.

स्त्रीचें सोनें अडीअडचणीला उपयोगीं पडावें हें शास्त्रानेंही गृहीत धरलें होतें. तें स्त्रीधन, त्यावर पतीची मालकी नाहीं. तथापि याज्ञवल्क्य स्मृतींत चार प्रसंग असे सांगितले आहेत कीं, त्या वेळीं पतीनें पत्नीचें धन घेतल्यास तें परत करण्याचें बंधन त्याजवर नाहीं : दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. महाराष्ट्रांत प्रमाण मानली गेलेली मिताक्षरा ही याच स्मृतीवरील टीका होय. या व्यवस्थेंत स्त्रीवर अन्याय होण्यास जागा होती, हें उघड आहे. आजाराचें निमित्त सांगून व्यसनासाठीं पाटल्या काढून नेणारे नवरे प्रत्येक काळांत झाले. परंतु या चार शब्दांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. डाग घडतांनाच तो मोडण्याचे प्रसंगही ठरलेले असत. गोठ ही हाताची शोभा होती, तशीच ती आपत्कालाची तरतूदही होती.

गरिबांच्या घरीं हें काम रुप्यानें केलें. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां आपल्या कापसास अपूर्व भाव आला, आणि वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्यांच्या घरांत रुपें खेळूं लागलें. युद्ध संपलें, भाव कोसळले. आणि पुढें 1876 ते 1878 च्या घोर दुष्काळांत वाळे, तोडे, कमरपट्टे यांचे ढीग मुंबईच्या टांकसाळींत आटण्यासाठीं आले. त्या वेळीं टांकसाळ लोकांस खुली होती. रुपें द्यावें आणि रुपये पाडून घ्यावेत. रुपयाचें वजन एक तोळा, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें. तेव्हां तोळाभर चांगलें रुपें म्हणजे जवळ जवळ एक रुपया, हा हिशेब अक्षरशत्रु बाईसही तोंडपाठ होता.

1893 सालच्या जून महिन्यांत सरकारनें ही मोकळीक बंद केली. रुपयाची किंमत त्यानंतर कायद्याच्या जोरावर वर राहिली. रुपें मात्र बाजारांत उतरत गेलें. पुढें 1896-97 चा दुष्काळ आला, आणि त्यामागून 1899-1900 चा, ज्याला लोक छप्पन्याचा दुष्काळ म्हणत. रुपयाच्या वजनाइतकें रुपें घेऊन बाजारांत आलेल्या बाईच्या हातांवर आतां सोळा आण्यांऐवजीं दहा-अकरा आणेच पडूं लागले. तिला वाटलें, सराफ लबाड आहे. तो लबाड असेलही. पण तिच्या पायांतल्या तोड्यांचें मोल तिला न विचारतां, तिला न कळतां, दूरच्या एका कचेरींत आधींच कमी झालेलें होतें. वारशानें आलेल्या वस्तूवर आपली मालकी असली तरी तिच्या किंमतीवर ती नसते, हा धडा महाराष्ट्रांतील खेड्यांनीं तेव्हां प्रथम घेतला.

दुसरा धडा सोन्यानें दिला, आणि तो याहून मोठा होता. हिंदुस्थान हा सोनें गिळणारा देश, अशी त्याची ख्याति फार प्राचीन काळापासूनची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें तक्रार केली आहे कीं, हिंदुस्थान रोमच्या साम्राज्यांतून दरसाल पांच कोटि सेस्टर्स ओढून घेतो. 1913 सालीं केन्स या अर्थशास्त्रज्ञानें हिंदी चलनावर ग्रंथ लिहिला, त्यांतही मौल्यवान् धातु सांठविण्याच्या आपल्या हौसेवर ठपका आहे. असा हा देश कधीं काळीं सोनें बाहेर काढील असें कोणास वाटलें नव्हतें. 1931 सालीं त्यानें तें काढलें.

कारणें दोन होतीं, आणि तीं एकाच वेळीं येऊन मिळालीं. 1929 सालीं जगावर मंदी आली, व दोनतीन वर्षांत शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास येऊन ठेपले. शेतकऱ्याचें उत्पन्न निम्में झालें. परंतु सरकारचा सारा आणि सावकाराचें व्याज हीं रुपयांत ठरलेलीं असल्यामुळें तीं पूर्वीं होतीं तेवढींच राहिलीं. अशांत 21 सप्टेंबर 1931 रोजीं ब्रिटननें सुवर्णचलन सोडलें. आपला रुपया 18 पेन्स या दरानें पौंडाशीं जखडलेला होता. पौंड घसरला तसा तोही घसरला, आणि रुपयांत मोजलेलें सोनें एकाएकीं महाग झालें. 1927 च्या कायद्याप्रमाणें सरकारनें सोनें घेण्याचा दर तोळ्यास 21 रुपये 3 आणे 10 पै असा ठरविला होता. आतां कांहीं महिन्यांतच बाजारभाव तिशीच्या आसपास गेला, आणि पुढें पस्तिशीच्या घरांत पोहोंचला. एका बाजूनें गरज ढकलीत होती, दुसऱ्या बाजूनें भाव बोलावीत होता. या दोहोंच्या मध्यें घराघरांतील फडताळें उघडलीं.

गांवच्या सोनारानें किंवा सावकारानें डाग घ्यावा, तालुक्याच्या पेठेंतील सराफानें तो एकत्र करावा, तेथून तो मुंबईस यावा, आटून त्याची लगड व्हावी, आणि ती लगड पेटींत बंद होऊन विलायतेच्या बोटीवर चढावी, असा हा प्रवास होता. पहिल्या पायरीवरच लाख, मळ आणि डाक यांची घट धरली जाई. घडणावळीचा तर प्रश्नच नव्हता. ज्या नक्षीसाठीं कारागिरानें डोळे फोडले असतील तिची किंमत मोडींत शून्य. साज सोडवून त्याचीं पानें सुटीं केलीं, बुगडीचे मोतीं उपटून काढले, म्हणजे उरे तो केवळ धातु. कोल्हापूरचें काय, नाशिकचें काय, मुशींतून बाहेर आल्यावर सारें सारखेंच! 1932 च्या मार्च अखेरपर्यंतच्या सहा महिन्यांत सुमारें 58 कोटि रुपयांचें सोनें देशाबाहेर गेलें. त्यापुढील वर्षीं सुमारें 65 कोटींचें. पहिल्या पांच वर्षांचा आंकडा अडीचशें कोटींच्या वर जातो. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत याला ‘आपत्तीचें सोनें’ असें नांव मिळालें.

त्या वेळीं वाद पुष्कळ झाला. हिंदी व्यापाऱ्यांच्या मंडळांनीं निर्यात बंद करण्याची मागणी केली. सरकारनें ती मानली नाहीं. लोक भाव आला म्हणून आपखुषीनें नफा घेत आहेत, त्यांना कां अडवावें, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. ब्रिटनच्या चलनास या सोन्याचा मोठा आधार मिळत होता, हें त्या युक्तिवादांत अर्थातच ठळक अक्षरांत नव्हतें. आज इतक्या वर्षांनंतर पाहतां दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य दिसतें. शहरांतल्या धनिकानें भाव पाहून सोनें विकलें असेल. खेड्यांतल्या शेतकऱ्यानें साऱ्याचा हप्ता पाहून विकलें. बंदरावरच्या कांट्यास हा भेद कळत नव्हता. दोघांचें सोनें एकाच लगडींत गेलें.

पूर्वींच्या आटणींत व या आटणींत जो फरक आहे, तो आमच्या मतें येथेंच आहे. ओसरीवर आटलेलें सोनें त्याच घरांत परत येत असे. 1931 नंतर मुशींत पडलेलें सोनें परत आलें नाहीं. घरांत तर नाहींच, गांवांत नाहीं, देशांतही नाहीं. “यांत सासूबाईंचे गोठ आहेत” हें वाक्य म्हणावयास हातांत कांहीं उरलें नाहीं. दुःख सोनें गेल्याचें होतेंच. त्याहून अधिक, वाक्य तुटल्याचें होतें.

आमच्या घरीं त्या काळची एक वही आहे. पणजोबांनीं ती मोडी अक्षरांत लिहिली असून तींत कुळांचीं नांवें, उसनवारी, बियाणें, बैलजोडीची किंमत, सर्व कांहीं व्यवस्थित आहे. कोणाकडून किती पायली जोंधळे येणें, हेंही नांवनिशीवार लिहिलेलें आहे. फाल्गुन शके 1853 म्हणजे 1932 च्या मार्च महिन्याच्या सुमारास एक ओळ येते : ‘गोठ जोड 1, मोडले. सारा व व्याज.’ एवढेंच. वहींत प्रत्येक वस्तूला धनी आहे. या गोठांना नाहीं. ते कोणाच्या हातांतून उतरले, हें लिहिण्याचें पणजोबांस कारण वाटलें नसेल, किंवा लिहिवलें नसेल. आम्हांस दुसरें अधिक खरें वाटतें, कारण इतर ओळींतलें त्यांचें अक्षर ठसठशीत आहे, आणि ही ओळ बारीक, समासाला चिकटून लिहिली आहे.

गोठ पणजीचे होते. हें आम्हांस आजीनें आईला सांगितलेल्या हकीकतीवरून कळलें. आजी त्या वेळीं नुकतीच सून होऊन आलेली होती. पणजोबा ते गोठ आपल्या गांवांत न मोडतां आठ कोस दूरच्या पेठेंत घेऊन गेले, आणि अंधार पडल्यावर परत आले. पणजीनें कांहीं विचारलें नाहीं. पुढें कितीतरी दिवस ती जात्यावर बसली म्हणजे डाव्या हातानें उजवें मनगट चांचपून पाही. शेजारणीनें हात मोकळे पाहून चौकशी केली तेव्हां ती म्हणाली, “गोठ वाढवले.” बांगडीचा शब्द तिनें सोन्याला लाविला. विकणें आणि मोडणें हे दोन्ही शब्द तिला ओलांडवेनात.

हा संकोच कां असावा? सोनें मोडणें हें पाप नव्हतें. शास्त्रानें त्याची मुभा दिली होती, व्यवहारानें ती मागितली होती. तरीही लोक दूरच्या पेठेंत गेले, आणि अंधारांत परतले. याचें उत्तर शेजारीं दुसरें एक चित्र ठेवलें म्हणजे सांपडतें. 1921 सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं एक कोटि रुपये जमविण्याचें ठरलें, तेव्हां बायकांनीं भर सभेंत अंगावरचे डाग उतरून दिले. 1962 सालीं चीनच्या आक्रमणाच्या वेळीं संरक्षण निधीसाठीं पुन्हां तसेंच झालें. इटलींत 18 डिसेंबर 1935 रोजीं लक्षावधि स्त्रियांनीं लग्नाच्या आंगठ्या सरकारच्या स्वाधीन केल्या व त्यांच्या बदल्यांत लोखंडी कडीं बोटांत घातलीं. लुइजी पिरांदेल्लो या नाटककारानें नुकतेंच मिळालेलें आपलें नोबेल पदकही देऊन टाकलें. तें कार्य निंद्य होतें, अॅबिसिनियावरील अन्यायी युद्धासाठीं तें सोनें जात होतें. तरी देणाऱ्यांच्या मनांत अभिमानच होता. या साऱ्या ठिकाणीं डाग आटलेच. पण ते उजेडांत आटले, आणि देणारीच्या मोकळ्या बोटाकडे लोकांनीं आदरानें पाहिलें. पणजीनें नवऱ्याची जमीन राखली, म्हणजे आम्हां सर्वांची भाकरी राखली. तिच्या मोकळ्या मनगटाकडे मात्र कोणी आदरानें पाहिलें नाहीं. तिनें दिलें तें दान नव्हे असें धरलें गेलें. खरें पाहतां दुःख वस्तु गेल्याचें एक पट असतें. तिनें केलेलें काम कोणी जमेस धरीत नाहीं, याचें दुप्पट असतें.

गेल्या वर्षीं हाच प्रसंग आमच्या घरीं पुन्हां आला. धाकट्या भावाचें दुखणें लांबलें, आणि आईनें कपाटांतली चांदी काढली. तबक, अत्तरदाणी, गुलाबदाणी, चार फुलपात्रें, बाळपणीचे आमचे वाळे. आतां सोनाराची कसोटी क्वचितच दिसते; यंत्राच्या खिडकींत वस्तु ठेवली कीं क्षणार्धांत कस पडद्यावर उमटतो. तोळ्याचें मापही बदललें. पूर्वीं तो साडेअकरा ग्रॅमांहून थोडा अधिक होता, आतां बोलण्यांत दहा ग्रॅमांचाच धरतात. परंतु एक गोष्ट बदललेली नाहीं. भांड्यांवर नांवें घालण्याची आपली चाल आहे; कोणी, कोणास, कोणत्या लग्नांत, मुंजींत दिलें, तें तेथें कोरलेलें असतें. त्या अक्षरांचें वजन कांट्यावर भरत नाहीं. उलट कोरण्यानें भांडें केसभर हलकेंच झालेलें असतें.

दुकानांत जाण्यापूर्वीं आईनें आम्हांस ती जुनी वही आणावयास सांगितली. ती एकेक भांडें हातांत घेऊन वरचें नांव वाचून दाखवी, आणि आम्हीं तें वहींत उतरून घ्यावें : वस्तु कोणती, वजन किती, कोणी दिली, कशासाठीं मोडली. चौथ्या रकान्यांत प्रत्येक ओळीपुढें तिनें एकच शब्द घालावयास लाविला, ‘आजार’. याज्ञवल्क्याचें नांव तिनें कधीं घेतलें नाहीं. पण चार प्रसंगांतला तिसरा प्रसंग तिला ठाऊक होता.

वारशाच्या सोन्यारुप्याला चिकटून बसावें कीं तें मोडावें, असा प्रश्न हल्लीं पुष्कळांस पडतो, आणि मोडणाऱ्यांच्या मनास कृतघ्नपणाची टोंचणी लागते. आम्हांस वाटतें, ही टोंचणी चुकीच्या ठिकाणीं लागते. डाग आपत्काळासाठींच घडविला होता. त्या दिवशीं तो उपयोगीं पडला यांत त्याचा अपमान नाहीं, किंबहुना सार्थकच आहे. कृतघ्नपणा असलाच तर तो विसरण्यांत आहे. मूस आकृति खाते. नांव तिला खातां येत नाहीं, फक्त तें मुशीबाहेर, दुसरीकडे कोठें तरी लिहून ठेविलेलें असलें पाहिजे. 58 कोटि आणि 65 कोटि हे आंकडे सरकारच्या कागदांत सुरक्षित आहेत. त्या कोटींतले आमच्या वाट्याचे दोन गोठ कोणाचे, हें आमच्या वहीनें सांगावयास हवें होतें, आणि नव्वदांहून अधिक वर्षें तिनें तें सांगितलें नाहीं.

नवीन यादी पुरी झाल्यावर आईनें पानें मागें उलटविलीं, आणि शके 1853 च्या त्या बारीक ओळीवर बोट ठेविलें. समासांत जागा थोडीच होती. तेवढ्यांत तिनें स्वतःच्या हातानें पणजीचें नांव लिहिलें.